धूळ हवेत उडण्याआधी

मार्च 2020 मध्ये, कोरोनाच्या साथीत, जर्मनीतल्या बाड हॉम्बुर्गच्या आसपासच्या बाउमार्क्टांत, म्हणजे फळ्यांपासून फरशांपर्यंत सगळं एका छपराखाली विकणाऱ्या इथल्या मोठ्या दुकानांत, फळ्या होत्या, स्क्रू होते, रंगाचे डबे होते. धुळीच्या मास्कची जागा तेवढी रिकामी होती. घरात अडकलेल्या माणसांना अचानक वेळ मिळाला होता आणि जवळजवळ प्रत्येकाच्या तळघरात वर्षानुवर्षं रेंगाळलेलं एखादं काम होतं. कुणाला मुलांसाठी टेबल करायचं होतं, कुणाला जुना दरवाजा घासून रंगवायचा होता. मी ओकच्या लाकडाचा देव्हारा करायला घेतला होता. काम धुळीचं आणि मास्क मिळत नाहीत, अशा वेळी हौशी सुतारानं नेमकं काय करावं, ते या लेखात क्रमानं सांगतो.

आधी मास्क गेले कुठे, ते पाहू. पॉलिश पेपर मारताना सुतार जो एफएफपी2 मास्क लावतो, तोच संसर्गाच्या वॉर्डात परिचारिका लावते. दोघांसाठी मानक एकच आहे, ईएन 149. एरवी या मास्कचा मोठा वाटा उद्योग आणि बांधकामाकडे जायचा; त्या वसंतात सगळ्या जगाला ते एकदम हवे झाले. जगातले जवळपास निम्मे मास्क चीनमध्ये बनत आणि चीनलाच त्यांची गरज होती. भारतानं 31 जानेवारी 2020 ला निर्यात थांबवली, जर्मनीनं 4 मार्चला. पुण्याहून भावाकडून चार मास्क मागवावेत म्हटलं तरी वाट बंद होती. फोक्सवागेन कंपनीनं आपल्या साठ्यातले सुमारे 2 लाख मास्क आरोग्यसेवेला दिले. ठिकठिकाणच्या सुतारांनी आणि रंगाऱ्यांनीही न उघडलेली खोकी रुग्णालयांकडे पोचवली. ते योग्यच होतं. देव्हारा थांबू शकतो, अतिदक्षता विभाग थांबू शकत नाही.

पुढेही टंचाई एका फटक्यात संपली नाही. हेसेन राज्यात 27 एप्रिलपासून दुकानांत आणि बस-रेल्वेत तोंड-नाक झाकणं सक्तीचं झालं, तेव्हा घरी शिवलेलं कापडही चालायचं. डिसेंबर 2020 मध्ये साठीपुढच्या नागरिकांना औषधांच्या दुकानांतून तीन-तीन एफएफपी2 मास्क मोफत मिळू लागले, आणि जानेवारी 2021 मध्ये कापडी मास्क दुकानांत चालेनासा झाला. मागणीची ती दुसरी लाट. महाराष्ट्रातही ऑक्टोबर 2020 मध्ये सरकारला एन95 मास्कची कमाल किंमत 19 ते 49 रुपयांच्या दरम्यान बांधून द्यावी लागली.

आता धूळ. करवतीखाली साचतो तो भुसा डोळ्यांना दिसतो आणि म्हणून आपण त्याला घाबरतो. पण खरा त्रास न दिसणाऱ्या धुळीचा. माणसाचा केस साधारण 70 मायक्रोमीटर जाड असतो. दहा मायक्रोमीटरपेक्षा मोठे बहुतेक कण नाकात आणि घशात अडकतात. चार मायक्रोमीटरच्या आसपासचे आणि त्याहून बारीक कण फुप्फुसाच्या टोकापर्यंत, वायुकोशांपर्यंत पोचू शकतात. हे कण हवेत किती वेळ राहतात, ते मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. दीड मीटर उंचीवरून दहा मायक्रोमीटरचा कण स्तब्ध हवेत साधारण आठ मिनिटांत जमिनीवर येतो. एक मायक्रोमीटरच्या कणाला त्याच प्रवासाला साधारण बारा तास लागतात. सँडर बंद करून, मास्क काढून, चहा पिऊन तुम्ही तळघरात परत जाता तेव्हा हवा स्वच्छ दिसते. ती स्वच्छ नसते.

लाकडाची धूळ म्हणजे नैसर्गिक, म्हणून निरुपद्रवी, असा एक समज आपल्याकडेही आहे. इंग्लंडमधल्या हाय विकम या खुर्च्या बनवणाऱ्या गावात कान-नाक-घसा तज्ज्ञ एस्मे हॅडफिल्ड यांच्या लक्षात आलं, की नाकाच्या पोकळीतला एक अतिशय दुर्मीळ कर्करोग त्यांच्याकडे वारंवार येतो आहे आणि तो फर्निचर कारागिरांना होतो आहे. 1968 मध्ये त्यांचा आणि सहकाऱ्यांचा अभ्यास ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. 1995 मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं लाकडाची धूळ माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातली. जर्मनीत ओक आणि बीच या लाकडांच्या धुळीनं होणारा नाकाचा कर्करोग हा व्यावसायिक आजार म्हणून अधिकृत यादीत आहे, 4203 या क्रमांकानं. कारखान्यातल्या हवेत लाकडाची धूळ घनमीटरला 2 मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावी, असा इथला नियम आहे. हौशी माणूस वर्षाला काही तासच घासतो, त्यामुळे त्याचा धोका रोज आठ तास घासणाऱ्या कारागिराइतका नाही, हे खरं. पण कारागिराकडे धूळ ओढणारी मोठी यंत्रणा असते आणि हौशी माणसाकडे एक छोटी खिडकी असलेलं तळघर.

मास्क ही धूळ कशी अडवतो? बाड हॉम्बुर्गमध्ये फ्रेसेनियस या कंपनीचं मुख्यालय आहे आणि डायलिसिसच्या फिल्टरसाठी ती जगभर ओळखली जाते. त्या फिल्टरमध्ये हजारो पोकळ तंतू असतात, त्यांच्या भिंतींना सूक्ष्म छिद्रं असतात आणि काय पलीकडे जाईल ते छिद्रांच्या आकारावर ठरतं. म्हणजे मूळ तत्त्व चाळणीचंच. मास्क असा चालत नाही. त्याच्या आतला महत्त्वाचा थर पॉलिप्रॉपिलीन वितळवून, गरम हवेच्या झोतानं ओढलेल्या अतिशय बारीक तंतूंचा असतो. त्या तंतूंमधल्या फटी पुष्कळ कणांपेक्षा मोठ्या असतात. तरीही कण अडकतात, कारण मोठ्या कणांना वळणाच्या वाटेवर तंतूभोवती वळता येत नाही आणि ते आपटतात. अगदी लहान कण हवेच्या रेणूंचे धक्के खात भरकटतात आणि तंतूला चिकटतात. मधले, साधारण 0.3 मायक्रोमीटरचे, सर्वांत चलाख. त्यांच्यासाठी तंतूंना कायमचा विद्युतभार दिलेला असतो आणि तो त्यांना ओढून घेतो. अमेरिकेत टेनेसी विद्यापीठात काम करणारे पीटर साय यांनी असे तंतू भारित करण्याचं तंत्र 1990 च्या दशकात विकसित केलं. 2020 मध्ये टंचाई मुख्यतः याच थराची होती. शिवणयंत्रं सगळीकडे होती, पण असं कापड काढणारी यंत्रं मोजकी आणि उभी करायला वेळखाऊ.

एवढं समजलं की मास्क धुवायचा का नाही, याचं उत्तर आपोआप मिळतं. साबणाच्या पाण्यात किंवा स्पिरिटमध्ये बुडवला की तो विद्युतभार जातो. मास्क दिसायला नवा राहतो, काम मात्र निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येतं.

मास्कवरचे आकडे वाचायला शिकावं. एफएफपी1 नं चाचणीतले किमान 80 टक्के कण अडवायला हवेत, एफएफपी2 नं 94 टक्के, एफएफपी3 नं 99 टक्के. त्याबरोबर आणखी एक आकडा आहे, जो खोक्यावर क्वचितच दिसतो: कडेच्या फटींसह एकूण गळती. ती एफएफपी1 ला 22 टक्के, एफएफपी2 ला 8 टक्के आणि एफएफपी3 ला 2 टक्के चालते. म्हणजे मास्कचं भवितव्य कापडाइतकंच त्याच्या कडेवर ठरतं. इथल्या कामगार सुरक्षेच्या नियमांत त्यामुळे एफएफपी2 हा मर्यादेच्या दहापट धुळीपर्यंत आणि एफएफपी3 तीसपट धुळीपर्यंत पुरेसा मानतात. खऱ्या मास्कवर सीई या अक्षरांपुढे चार आकडे असतात, तपासणी करणाऱ्या संस्थेचा क्रमांक. उदाहरणार्थ 0121 म्हणजे बॉनजवळच्या सांक्ट ऑगस्टिनची आयएफए ही संस्था. नुसतं सीई आणि पुढे काहीच नाही, असे मास्क 2020 मध्ये पुष्कळ आले. ते घेऊ नयेत. भारतातून आणलेल्या मास्कवर आयएस 9473 हा क्रमांक शोधावा. त्या मानकातही हेच तीन दर्जे आहेत.

इथल्या प्रत्येक कामगार सुरक्षेच्या प्रशिक्षणात एक क्रम शिकवतात. आधी धोक्याची वस्तू किंवा पद्धत बदला. ते जमलं नाही तर यंत्रानं धूळ तिथल्या तिथे पकडा. मग कामाची आखणी अशी करा, की कमीत कमी माणसं कमीत कमी वेळ धुळीत राहतील. माणसाच्या अंगावर चढवायचं साहित्य, म्हणजे मास्क, सगळ्यांत शेवटी. आपण हौशी लोक नेमके उलटे चालतो: आधी मास्क लावतो आणि मग बिनधास्त धूळ उडवतो. टंचाईनं तो क्रम सरळ करायला लावला आणि माझ्या मते मास्क मुबलक असतानाही तो तसाच ठेवायला हवा.

पद्धत बदलायची म्हणजे काय? सावंतवाडीला माझे मामा जन्मभर सुतारकाम करत आले. फोनवर मी मास्क मिळत नसल्याचं सांगितलं, तर म्हणाले, ‘‘अरे, रंध्याला कसला मास्क? यंत्र घेतलंस म्हणून धूळ झाली.’’ त्यांचं म्हणणं पूर्ण खरं नाही, करवतीची आणि पॉलिश पेपरची धूळ त्यांच्याही नाकात गेलीच असणार. पण गाभा खरा आहे. धार लाकूड कापते तेव्हा ढलपी निघते आणि ढलपी जमिनीवर पडते. पॉलिश पेपर लाकूड खरवडतो तेव्हा भुकटी होते आणि ती हवेत जाते. म्हणून देव्हाऱ्याचे खांब आणि पाट मी आधी रंध्यानं साफ केले, शेवटच्या हातासाठी पोलादाची खरवडपट्टी घेतली.

ही पट्टी शिकून घ्यावी, कारण तिनं सँडरचं बरंचसं काम वाचतं. पाऊण मिलिमीटर जाडीचं पोलादी पान, पोस्टकार्डाएवढं. त्याची लांब कड कानशीनं अगदी काटकोनात घासायची, मग धार लावायच्या दगडावर गुळगुळीत करायची. त्यानंतर पटाशीची पाठ किंवा चांगल्या पोलादाची गोल कांडी त्या कडेवरून दाबून, किंचित तिरकी धरून दोन-तीनदा ओढायची. कडेला एक नजरेला न दिसणारा आकडा वळतो; नखाला तो अडकतो, तेव्हा तो तयार झाला असं समजावं. पट्टी दोन्ही हातांत धरून अंगठ्यांनी मधोमध थोडी वाकवायची, पुढे झुकवायची आणि ढकलायची. चांगली लागली की कांद्याच्या पापुद्र्यासारख्या पातळ ढलप्या निघतात. ढलपीऐवजी भुकटी यायला लागली की आकडा बोथट झाला, पुन्हा वळवायचा. ओकसारख्या कठीण लाकडावर हे विशेष छान जमतं. पाइनसारख्या मऊ लाकडावर नाही. तिथे रंध्यावरच थांबावं.

बदलाचे आणखी मार्ग आहेत. मोठ्या फळ्या दुकानातच मापानं कापून घ्याव्यात; इथली बहुतेक बाउमार्क्टं ते करून देतात आणि त्यांच्या करवतीला धूळ ओढणारी नळी असते. एमडीएफ टाळावा. त्याची धूळ पिठासारखी बारीक, वर त्यातल्या डिंकात फॉर्मल्डिहाइड. त्याऐवजी प्लायवूड किंवा सरळ लाकूड घ्यावं. शेवटचं घासकाम तेल लावून ओल्यातच करता येतं: जवसाच्या तेलाचा पातळ हात द्यायचा आणि त्या तेलातच बारीक कागद फिरवायचा. धूळ तेलात मिसळते आणि लाकडाच्या छिद्रांत भरते. पण तेलाची चिंधी चुरगळून टाकू नका. जवसाचं तेल वाळताना तापतं आणि चिंध्यांचा गोळा आपोआप पेट घेऊ शकतो. चिंधी बाहेर सपाट पसरून वाळवावी किंवा पाणी घातलेल्या झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाकावी.

ओल्या कामाचा फायदा पेणमध्ये गणपती घडताना बघितलेल्यांना नव्यानं सांगायला नको. शाडूची मूर्ती ओलसर असतानाच पाण्याच्या हातानं गुळगुळीत करतात. प्लास्टरची मूर्ती साच्यातून निघाल्यावर सांधे आणि उंचवटे कोरडे घासावे लागतात आणि कारखान्यात पांढरी धूळ तरंगत राहते. जुलै 2020 मध्ये महाराष्ट्र सरकारनं सार्वजनिक मूर्ती चार फुटांपर्यंत आणि घरगुती दोन फुटांपर्यंत ठेवायला सांगितल्या होत्या, तेव्हा कारखान्यांपुढे मूर्तींचा प्रश्न होता आणि मास्कचाही. घासकाम करणाऱ्या कामगारांच्या नाकाशी बांधलेला रुमाल पाहिला की मला अजूनही वाईट वाटतं, कारण त्याचा बारीक धुळीला काही उपयोग नाही.

पद्धत बदलूनही काही धूळ होणारच. ती जन्मते तिथेच पकडायची. सँडरला व्हॅक्यूम क्लीनरची नळी जोडावी आणि कागदाची भोकं तव्याच्या भोकांशी नीट जुळवावीत. भोकं सरकली की ओढ जाते, कागद लवकर भरतो आणि धूळ बाजूनं उडते. जाळीचे कागद मिळतात, त्यात जुळवण्याचा प्रश्नच नाही. कार्यशाळेसाठीच्या व्हॅक्यूमचे इथे एल, एम आणि एच असे वर्ग आहेत. एल मधून धुळीचा फार तर 1 टक्का परत बाहेर पडू शकतो, एम मधून 0.1 टक्का, एच मधून 0.005 टक्के. लाकडासाठी एम हवा. नळीतला वेग सेकंदाला 20 मीटरच्या खाली गेला की तो आवाज करून सांगतो. तो महाग असतो. घरचा साधा व्हॅक्यूम वापरायचा असेल, तर त्यात कागदी नव्हे, कृत्रिम तंतूंची पिशवी घालावी आणि शक्य असेल तर यंत्र खिडकीबाहेर ठेवून नुसती नळी आत आणावी. त्याच्या मागून निसटणारी धूळ मग बाहेरच जाते. पाऊस नसावा, एवढी अट. ग्राइंडरच्या ठिणग्या मात्र कधीही व्हॅक्यूममध्ये ओढू नयेत; पिशवीतला भुसा पेटतो.

तळघराच्या खिडकीत बाहेर फुंकणारा पंखा ठेवला, तर समोरच्या दारातून ताजी हवा येते. हवा पाठीकडून येऊन तुमच्यापुढून खिडकीकडे जाईल असं उभं राहावं. पण त्याच तळघरात गॅसचा किंवा तेलाचा बॉयलर असेल आणि तो खोलीतली हवा घेऊन जळत असेल, तर हा पंखा लावू नका. खोलीतला दाब कमी झाला की धुराड्यातला वायू उलटा आत ओढला जाऊ शकतो आणि त्यातला कार्बन मोनॉक्साइड माणसाला कळण्याआधी मारतो. इथल्या जुन्या घरांत हा धोका कल्पनेतला नाही.

2020 च्या त्या एप्रिलनं आम्हाला एक सवलत दिली. जर्मनीत तो नोंदींमधल्या सर्वाधिक उन्हाच्या एप्रिल महिन्यांपैकी एक होता, पाऊस जवळजवळ नाहीच. घोड्या अंगणात मांडून, वारा पाठीवर घेऊन घासता येत होतं. बाहेरची हवा कोणत्याही पंख्यापेक्षा मोठी. शेजाऱ्यांचे कपडे वाळत नाहीत ना, खिडक्या उघड्या नाहीत ना, एवढं बघावं. आणि रविवारी यंत्राला हात लावू नये, तो इथे शांततेचा दिवस.

आखणीचा भाग थोडक्यात सांगता येईल. दोनच मास्क असतील तर धुळीची कामं रोज थोडी थोडी करू नयेत. कापणं, छिद्रं, घासणं, सगळं एका दिवशी, एका मास्कवर. जोडणी, चिकटवणं, तेल देणं बाकीच्या दिवशी. धुळीच्या दिवशी मुलं तळघरात नकोत, वाळत घातलेली गादी-चादर नको. झाडू तर नकोच नको. झाडू बसलेली धूळ पुन्हा हवेत पाठवतो, आणि हवेच्या दाबानं फुंकणं त्याहून वाईट. आधी व्हॅक्यूम, मग ओलं फडकं. मास्क काम संपल्यावर काढायचा नाही. सफाई संपवून, खोलीबाहेर पडून, कपडे बाहेर झटकून मग काढायचा. मास्कवर कष्टानं जपलेली मिनिटं अनेकदा सफाईतच वाया जातात.

आता प्रत्यक्ष मास्क जपणं. एकदा वापरायच्या मास्कवर एनआर लिहिलेलं असतं, म्हणजे फार तर एक पाळी. कारखान्यात तो नियम तसाच पाळावा. घरी कुणी वीस मिनिटं लावून काढत असेल आणि दुसरा मिळत नसेल, तर स्वतःचाच मास्क पुन्हा लावणं मला मान्य आहे, पण काही अटींवर. तो कार्यशाळेत लटकवू नका, तिथे त्याची आतली बाजू धुळीनं भरते. कागदी पिशवीत, नाव घालून, कोरड्या जागी ठेवा. झटकू नका, फुंकू नका, इस्त्री करू नका. श्वास जड लागायला लागला, पट्ट्या सैल पडल्या, नाकाशी असलेला स्पंज चुरला, आतून डाग दिसला किंवा तो ओलसर झाला, की टाकून द्या. 2021 मध्ये म्युन्स्टरच्या संशोधकांनी एफएफपी2 मास्क सात दिवस हवेत वाळवून पुन्हा वापरण्याची पद्धत सांगितली होती. ती विषाणूसाठी होती. धूळ वाळल्यानं मरत नाही. ती मास्कमध्येच राहते.

लावताना एक मिनिट खर्च करावा. वरची पट्टी डोक्याच्या मागे उंचावर, खालची मानेवर. नाकावरची धातूची पट्टी एका चिमटीनं नव्हे, दोन्ही हातांच्या बोटांनी नाकाच्या उतारावर दाबून बसवायची; चिमटीनं मधोमध टोक येतं आणि दोन्ही बाजूंना फट राहते. मग दोन्ही तळवे मास्कवर धरून जोरात श्वास सोडायचा. झडप असलेला मास्क असेल तर तळव्यांनी झाकून श्वास आत ओढायचा, तो चेहऱ्यावर चेपला पाहिजे. डोळ्यांकडे गार झुळूक लागली किंवा चष्मा धुकटला, तर वरून गळती आहे. कानांत अडकवायच्या दोऱ्यांचे केएन95 मास्क बहुतेक चेहऱ्यांवर एवढे घट्ट बसत नाहीत. मानेमागे दोऱ्या जोडणारी छोटी पट्टी लावली तर सुधारतात. दाढीवर कोणताच मास्क बसत नाही. मिशी कडेच्या आत मावत असेल तर चालते. दाढी ठेवायचीच असेल, तर पंख्यानं स्वच्छ हवा देणारा टोप घ्यावा, जो चेहऱ्याला चिकटण्यावर अवलंबून नसतो.

पुन्हा टंचाई आली तर काय घ्यावं, असं मला कुणी विचारलं, तर मी रबराचा किंवा सिलिकॉनचा अर्धा मास्क आणि त्याला बदलायचे पी3 फिल्टर सांगेन. मास्क वर्षानुवर्षं टिकतो, फिल्टर श्वास जड होईपर्यंत चालतो आणि हौशी कामात तो बराच काळ जातो. आतला भाग दर वेळी ओल्या फडक्यानं पुसावा, फिल्टर पाण्यापासून दूर ठेवावा. फिल्टरवरचा पांढरा पट्टा म्हणजे कण, तपकिरी म्हणजे रंग आणि थिनरची वाफ. नुसता तपकिरी पट्टा धूळ अडवत नाही, नुसता पांढरा पट्टा वाफ अडवत नाही. रंगकामासाठी घेतलेला ए2पी3, ज्यावर दोन्ही पट्टे असतात, धुळीलाही चालतो; 2020 मध्ये अनेक घरांत तो कपाटात पडून होता आणि मालकांना त्याची आठवण नव्हती.

शस्त्रक्रियेचा निळा मास्क समोरच्याचं रक्षण करण्यासाठी आहे, त्याच्या कडा उघड्या असतात. कापडी मास्क आणि ओला रुमाल मोठा भुसा अडवतात. बारीक धूळ कापडातून आणि त्याहून जास्त कडेनं आत येते. कापडाचे थर वाढवले तर श्वास जड होतो आणि हवा आणखी जोरानं कडेची वाट धरते. व्हॅक्यूमच्या पिशव्या कापून मास्क शिवण्याची टूमही तेव्हा निघाली होती. त्या पिशव्या नाकाशी धरण्यासाठी बनवलेल्या नाहीत, काहींत जंतू मारणारी रसायनं असतात.

आणि काही कामं मास्क मिळेपर्यंत करूच नयेत. जर्मनीत ॲस्बेस्टॉसवर 31 ऑक्टोबर 1993 पासून बंदी आहे. त्याआधीच्या घरातला करडा सिमेंटचा पत्रा, जुन्या फरशीखालचा काळा डिंक, कधी कधी भिंतीची लुकणसुद्धा संशयित धरावी. ती फोडू नये, घासू नये, छिद्रही पाडू नये. मास्क असला तरी ते परवानाधारक माणसांचं काम. जुन्या दारांच्या थरावर थर चढलेल्या रंगात शिसं असू शकतं. काँक्रीट किंवा विटेची भिंत ग्राइंडरनं कोरडी कापली, की स्फटिकासारख्या सिलिकाची धूळ उडते, जिनं दगडखाणींत आणि ओतशाळांत किती तरी माणसांची फुप्फुसं कायमची निकामी केली. त्यासाठी एफएफपी3 किंवा पी3 आणि धूळ ओढणारं यंत्र, दोन्ही हवं. एखादं छिद्र पाडायचं असेल तर व्हॅक्यूमचं तोंड छिद्राला टेकवून, हळू चालवून भागतं. खोबणी पाडायची असेल तर थांबावं.

आता दुकानांत खोकी पुन्हा रचलेली दिसतात. वर्षाच्या कामाला पुरेल एवढाच एक लहान खोका घरात असावा. त्याहून जास्त साठवणं म्हणजे पुढच्या टंचाईत दुसऱ्याचा हिस्सा अडवून ठेवणं. खोक्यावर वाळूच्या घड्याळाचं चित्र आणि त्याखाली तारीख असते. तारीख संपत आली की ते मास्क आधी वापरून टाकावेत आणि नवे घ्यावेत. ओलसर तळघरात, हीटरजवळ किंवा गाडीच्या काचेखाली ठेवू नयेत. रबर आधी मरतं, कापड नंतर. लावण्यापूर्वी दोन्ही पट्ट्या एकदा ताणून पाहाव्यात. एखादी तिथेच तुटली, तर तो मास्क सरळ कचऱ्यात टाकावा आणि त्या खोक्यातले बाकीचेही एकेक करून तपासावेत.